दोन दरांमधला आकडा

परकी चलनाशी ज्याचा कधी संबंधच आला नाही असे कुटुंब आज मुंबईच्या उपनगरांत शोधूनच काढावे लागेल. मुलुंडच्या एखाद्या घरातून मुलीच्या शिक्षणशुल्काची रक्कम कॅनडाला पाठवायची असते. घाटकोपरच्या व्यापाऱ्याला चीनहून मागविलेल्या मालाचे पैसे डॉलरमध्ये चुकते करायचे असतात. बोरिवलीत घरी बसून परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या तरुणाला त्याचा मोबदला डॉलरमध्येच मिळायचा असतो. आणि अंधेरीच्या वेशीवर तर एकीकडे सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दुसरीकडे १९७३ साली स्थापन झालेले सीप्झचे निर्यात क्षेत्र उभे असल्यामुळे तेथील कित्येक घरांचा चरितार्थच परकी चलनाच्या ये-जा करण्यावर अवलंबून आहे. या सर्वांच्या हाताशी, कसलेही मोल न देता, एक साधन सदैव असते. मोबाईलवर दोन चौकटी येतात, एकीत रक्कम आणि चलन भरावे, दुसरीत उत्तर उमटते. यालाच लोक ‘करन्सी कन्व्हर्टर’ म्हणतात.

साधन इतके सोपे आहे की त्याविषयी काही सांगण्यासारखे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि तरीही बँकेच्या किंवा मनी चेंजरच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या सुशिक्षित माणसाची चर्या, तेथे सांगितलेला दर ऐकून आणि तो मोबाईलवरच्या आकड्याशी ताडून पाहून, जी एकाएकी साशंक होते, तिचे कारण या साधनाविषयीच्या अज्ञानातच असते. कन्व्हर्टर खोटे बोलत नाही आणि खिडकीमागचा कारकूनही बहुधा लबाडी करीत नाही. दोघे दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात, एवढेच. कन्व्हर्टरवर उमटणारा आकडा हा देण्याचा दर नव्हे आणि घेण्याचाही नव्हे. तो त्या दोहोंच्या बरोबर मधला आकडा होय. ही एक गोष्ट नीट उमजली म्हणजे हेच साधन, आपल्याला किती रुपये पडतील याचे आश्वासन न राहता, आपल्याकडून कोण किती घेतो आहे हे मोजण्याची पट्टी होते. आणि त्याचा खरा उपयोग हाच आहे.

अशा पट्टीची गरज पूर्वीच्या पिढ्यांना फारशी भासली नाही, कारण दर दीर्घकाळ कायद्याने बांधलेला असे. १९२७ च्या कायद्याने रुपयाचे मोल १ शिलिंग ६ पेन्स ठरले, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडू लागले, आणि हा हिशेब स्वातंत्र्यानंतरही काही काळ तसाच चालला. त्याआधी मात्र रुपयाने मोठी पडझड पाहिली होती. चांदीचा भाव जगभर उतरू लागला तसतसा चांदीचा रुपयाही घसरला; १८७० च्या सुमारास जो रुपया दोन शिलिंगांच्या जवळपास होता तो १८९३ साली टांकसाळी चांदीला बंद करण्यात आल्या तेव्हा सव्वा शिलिंगाच्या आसपास आला होता, आणि लंडनला पौंडांत भरावयाच्या देण्यांचा भार त्या प्रमाणात हिंदुस्थानच्या खजिन्यावर वाढत गेला होता. या साऱ्या इतिहासाची मूलगामी चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. पुढे १९४४ च्या जुलैत ब्रेटन वुड्स येथे जगाच्या चलनव्यवस्थेची नवी घडी बसविण्यात आली, तेव्हा हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्या व्यवस्थेतही प्रत्येक चलनाचा दर ठरलेला असे. सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैसे झाला आणि ६ जून १९६६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १७ वर्षे, तो तसाच राहिला. ज्या दराचा कागद एकदा भिंतीला लावला की मूल जन्मून महाविद्यालयाच्या उंबरठ्याशी येईपर्यंत बदलावा लागत नाही, त्याच्यासाठी यंत्र कशाला हवे?

मार्च १९९३ पासून ही स्थिती पालटली. रुपयाचा भाव बाजारातील मागणी आणि पुरवठा यांवर सोपविण्यात आला, आणि फार तीव्र चढउतार होऊ लागल्यास रिझर्व्ह बँकेने स्वतः खरेदी-विक्री करून ते सौम्य करावेत असा प्रघात पडला. बाजार चालू असताना दर आता क्षणोक्षणी हलतो, आणि म्हणूनच तो क्षणोक्षणी दाखविणारे साधन आवश्यक झाले.

परंतु हा बाजार कोणाचा? तो मुख्यतः बँकांचा आपापसातील घाऊक बाजार आहे. तेथे लाखो डॉलरांचे सौदे होतात, आणि प्रत्येक क्षणी दोन भाव पुकारलेले असतात : एक घेणाऱ्याचा, दुसरा देणाऱ्याचा. या दोहोंत फार तर पैसा-दोन पैशांचे अंतर असते. कन्व्हर्टर या दोन भावांची सरासरी काढून आपल्यापुढे ठेवतो. व्यवहारात तिला ‘मिड रेट’ म्हणतात, आपण मध्यदर म्हणू. या मध्यदराने सामान्य गिऱ्हाइकाला कोणी डॉलर विकत नाही आणि कोणी विकतही घेत नाही. बँक एका बाजूला विक्रीदर चढवून आणि दुसऱ्या बाजूला खरेदीदर उतरवून आपला मोबदला वसूल करते. शिवाय बँकेच्या रोजच्या दरपत्रकात, ज्याला ‘कार्ड रेट’ म्हणतात, एकच जोडी नसते. खात्यातून परदेशी पाठवायच्या रकमेचा ‘टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर) सेलिंग’ दर वेगळा, बाहेरून खात्यात आलेल्या रकमेचा ‘टीटी बाइंग’ वेगळा, आणि प्रत्यक्ष नोटांचे दर आणखी वेगळे. नोटा जपाव्या, वाहून न्याव्या, मोजाव्या आणि त्यांचा विमा उतरवावा लागत असल्यामुळे त्यांचे दोन दर मध्यदरापासून सर्वांत दूर असतात. खात्यांतील नोंदींना ही यातायात नसल्यामुळे टीटीचे दर त्याच्या जवळ राहतात.

हे आकड्यांनीच पाहिलेले बरे. हिशेबाच्या सोयीसाठी मध्यदर ९० रुपये धरू. अंधेरीचे एक जोडपे प्रवासासाठी १,००० डॉलरच्या नोटा घ्यावयास निघाले आहे. कन्व्हर्टर त्यांना ९०,००० रुपये दाखवील. मनी चेंजरचा विक्रीदर ९१ रुपये ८० पैसे असला तर बिल ९१,८०० रुपयांचे होईल. त्यावर जीएसटी येतो, पण तो सबंध रकमेवर नव्हे. कायद्याने असे ठरविले आहे की एक लाखापर्यंतच्या विनिमयात रकमेचा एक टक्का, किमान २५० रुपये, एवढेच सेवेचे मूल्य मानावे आणि त्यावर १८ टक्के कर घ्यावा. म्हणजे येथे ९१८ रुपयांवर १६५ रुपये २४ पैसे. एकूण ९१,९६५ रुपये २४ पैसे. परत येताना ३०० डॉलर उरले आणि मनी चेंजरने ते ८७ रुपये ३० पैशांनी घेतले, तर हाती २६,१९० रुपयांतून ४७ रुपये १४ पैसे कर वजा जाऊन २६,१४२ रुपये ८६ पैसे पडतील. मध्यदराने त्यांचे २७,००० झाले असते. जाताना दोन टक्क्यांहून थोडे अधिक आणि येताना तीन टक्क्यांहून थोडे अधिक, असा हा खर्च आहे. तो मोजता आला तो केवळ मध्यदर ठाऊक होता म्हणून. दोन दुकानांचे दर नुसते ऐकून कोणता स्वस्त हे कळेल. पण स्वस्तातला दरही वाजवी आहे की नाही, हे मधला आकडा माहीत असल्याखेरीज कळणार नाही.

मोठ्या रकमेत हाच भेद अधिक जाणवतो. एखाद्या पालकाला समजा २०,००० अमेरिकी डॉलर शुल्क पाठवायचे आहे. मध्यदराने १८ लाख रुपये होतात. बँकेचा टीटी सेलिंग ९० रुपये ९० पैसे असला तर १८,१८,००० लागतील. दहा लाखांवरील विनिमयात सेवेचे मूल्य ५,५०० रुपये अधिक दहा लाखांपुढील रकमेचा एक दशांश टक्का असे धरतात. ते येथे ६,३१८ रुपये होते, आणि त्यावरील जीएसटी अवघा १,१३७ रुपये २४ पैसे. ज्या कराविषयी आपण खिडकीशी हुज्जत घालतो तो हजाराच्या घरात, आणि ज्या दराविषयी आपण तोंडातून अक्षर काढीत नाही त्यातील फरक मात्र १८,००० चा! ‘कमिशन शून्य’ अशी पाटी लावणाऱ्याची मिळकत कोठून होते, याचे उत्तर या एका ओळीत आहे. सबब निरनिराळ्या बँकांना विचारावयाचा प्रश्न एकच : कमिशन, कर आणि वायर ट्रान्सफरचा आकार सगळे धरून माझ्या खात्यातून नेमके किती रुपये वजा होतील, आणि पलीकडे नेमके किती डॉलर पोहोचतील? दोन्ही आकडे लिहून घ्यावेत, कारण मध्यस्थ बँक वाटेत आपला आकार कापून घेत असेल तर विद्यापीठाच्या खात्यात शुल्क काही डॉलरांनी अपुरे पडते आणि पुढे तगादा सुरू होतो. टीसीएस या नावाने जी वजावट होते ती मात्र या खर्चात मिसळू नये. ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ (एलआरएस) या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते, आणि १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस १० लाख रुपयांपुढील रकमेवरच लागू होतो. तो आगाऊ घेतलेला कर असल्यामुळे विवरणपत्र भरताना आपल्या आयकराच्या हिशेबात धरला जातो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून शुल्क भरले तर तो लागत नाही.

आता खुद्द साधन वाचण्याविषयी. पहिली दक्षता चलन निवडण्याची. डॉलर हे नाव अमेरिकेबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर आणि हाँगकाँग यांच्या चलनांचेही आहे, आणि रुपया नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मॉरिशस येथेही चालतो. म्हणून नावावर किंवा चिन्हावर न जाता तीन अक्षरांचा संकेत पाहावा. १९७८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ४२१७ या प्रमाणकाने ठरविलेल्या या संकेतांत पहिली दोन अक्षरे बहुधा देशाची आणि तिसरे चलनाचे असते. आपला ‘आयएनआर’, अमेरिकेचा ‘यूएसडी’, कॅनडाचा ‘सीएडी’. कॅनडाचे शुल्क चुकून अमेरिकी डॉलर धरून मोजल्यास घराचे सारे अंदाजपत्रक कोलमडते. आपल्या रुपयाला तरी १५ जुलै २०१० रोजी स्वतःचे चिन्ह मिळाले, आणि ते रेखाटणारे डी. उदय कुमार हे आपल्या पवईच्याच आयआयटीत संशोधन करीत होते, ही गोष्ट उपनगरवासीयांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

दुसरी दक्षता दिशेची. कन्व्हर्टरमध्ये दोन चौकटींच्या मधोमध बाणांचे एक बटण असते. ते दाबले की चलनांची अदलाबदल होते, आणि एका डॉलरचे रुपये किती याऐवजी एका रुपयाचे डॉलर किती हे दिसू लागते. दोन्ही उत्तरे एकाच सत्याची असली तरी त्यांतील टक्केवारी सारखी नसते. १९६६ च्या अवमूल्यनात डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. रुपयाचे मोल त्या दिवशी साडेछत्तीस टक्क्यांनी उतरले असे म्हणणारा बरोबर होता, आणि डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला असे म्हणणाराही बरोबरच होता. परदेशी देणे असणाऱ्याने दुसरा आकडा धरावा, कारण त्याच्या खिशातून जाणाऱ्या रुपयांची वाढ तो सांगतो.

तिसरी दक्षता आकड्यांच्या मांडणीची आणि वेळेची. बरीच साधने स्वल्पविराम पाश्चात्य रीतीने तीन-तीन अंकांनी देतात, त्यामुळे १८ लाख १८ हजार हे आपल्या डोळ्यांना सवय नसलेल्या रूपात, १,८१८,००० असे उमटतात, आणि घाईत एक शून्य इकडचे तिकडे होते. जपानी येनचा दर आपल्याकडे शंभर येनांना सांगण्याची प्रथा आहे, कन्व्हर्टर मात्र एका येनाचा देतो. दराखाली बारीक अक्षरांत जी वेळ छापलेली असते ती पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळविले म्हणजे आपली वेळ येते. शनिवारी आणि रविवारी बाजार बंद असल्यामुळे तोच शुक्रवारचा दर दिसत राहतो, आणि सोमवारी सकाळी तो काही पैशांनी सरकलेला आढळतो.

आखाती देशांत घरचे माणूस असलेल्यांना, आणि आपल्या उपनगरांत कोकणातून आलेली अशी घरे पुष्कळ आहेत, कन्व्हर्टरची परीक्षा घरबसल्या घेता येते. संयुक्त अरब अमिरातीने आपला दिर्‌हाम डॉलरला ३.६७२५ या दराने आणि सौदी अरेबियाने आपला रियाल ३.७५ या दराने कित्येक वर्षे बांधून ठेवला आहे. रुपयाच्या ९० या दराला त्या आकड्यांनी भागले की रियालचे बरोबर २४ रुपये आणि दिर्‌हामचे सुमारे २४ रुपये ५१ पैसे येतात. दिर्‌हाम चढला असे आपण म्हणतो तेव्हा दिर्‌हाम जागचा हललेलाच नसतो. डॉलर आणि रुपया यांच्यातला संबंध बदललेला असतो. जगातील बहुतेक चलनांच्या जोड्यांचे दर असे डॉलरच्या मध्यस्थीनेच काढले जातात.

कन्व्हर्टरचा आकडा पुरावा म्हणून मात्र कोणतेही दफ्तर स्वीकारीत नाही, हे व्यापाऱ्यांनी आणि कर भरणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. सहारच्या कार्गोतून माल सोडविताना सीमाशुल्क आकारले जाते ते केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने ठरवून दिलेल्या दराने. आयातीचा आणि निर्यातीचा दर त्यात वेगळा असतो. परकी उत्पन्नाचे रुपये करताना आयकराचे नियम स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराकडे बोट दाखवितात. आणि रोजच्या बाजाराचा सर्वमान्य निर्देशक दर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था जुलै २०१८ पासून जाहीर करते. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करी. कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास प्रसिद्ध होणारा हा दर, आपल्या मोबाईलवरचा आकडा शहाणा आहे की नाही हे पडताळण्यास उत्तम होय. अशी पडताळणी अनावश्यक समजू नये. १ जानेवारी २०२४ रोजी बाजार सुट्टीमुळे बंद असताना गूगलवर पोलंडच्या झ्लॉटी या चलनाचा दर एकाएकी कोसळलेला दिसू लागला, आणि तो आकडा खोटा असल्याचा खुलासा त्या देशाच्या अर्थमंत्र्यांना करावा लागला. चूक आकडे पुरविणाऱ्या स्रोतातील होती. दोन स्वतंत्र ठिकाणी दर पाहण्याची सवय असली म्हणजे अशा चुकीची बाधा होत नाही. तसेच निव्वळ हिशेब करून देणाऱ्या साधनाला आपले नाव, मोबाईल क्रमांक किंवा ओटीपी यांची काहीएक गरज नसते. जे साधन ते मागेल ते तत्काळ बंद करावे.

प्रवासात या ज्ञानाचा आणखी एक ठिकाणी उपयोग आहे. परदेशी दुकानात कार्ड यंत्राला लावले की पुष्कळदा पडद्यावर विचारणा होते, रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात? आपल्या ओळखीचा रुपया पाहून मन तिकडे ओढ घेते. पण रुपये निवडले की विनिमयाचा दर त्या दुकानामागची यंत्रणा ठरविते, आणि तो मध्यदरापासून बराच दूर असतो. स्थानिक चलनच निवडावे. कार्डाचा मार्कअप आपल्या बँकेने आधी जाहीर केलेला असतो, त्यामुळे त्याचा हिशेब निदान आपल्याला करता येतो. नोटा लागतील तेवढ्याच घ्याव्यात. एका प्रवासास सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर भरावी लागते, आणि ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचे चलन घेताना पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावे लागतात. परतल्यावर १८० दिवसांच्या मुदतीत उरलेले चलन परत करावे. २,००० डॉलरपर्यंत मात्र स्वतःजवळ ठेवता येते. ही खरेदी निघण्याच्या दिवसावर टाकू नये, कारण कोणत्याही विमानतळावरच्या खिडकीशी गिऱ्हाईक घाईत असते आणि तेथील दर त्या घाईची किंमत वसूल करतात.

बाजारातला खरा भाव पूर्वी फोर्टमधल्या बँकांच्या दफ्तरांत बसलेल्या मूठभर लोकांनाच ठाऊक असे. उपनगरातला माणूस लोकलने तेथवर जाई, सांगितलेला दर मुकाट्याने मान्य करी आणि पावती घेऊन परते. आज तो भाव बोरिवलीच्या विद्यार्थ्यालाही त्याच क्षणी दिसतो. एवढेच नव्हे, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू केलेल्या ‘एफएक्स-रिटेल’ या व्यवस्थेतून सामान्य ग्राहकाला आपल्या बँकेमार्फत बाजारातल्याच भावाने डॉलर घेता किंवा विकता येतो, आणि बँकेने आपला आकार आधी वेगळा सांगावा असा तेथे दंडक आहे. दर एकीकडे आणि मोबदला एकीकडे, असा हा उघड व्यवहार आहे. मनी चेंजरांनाही आपले दर दर्शनी ठिकाणी लावण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. या सोयी आणि हे निर्देश कागदावरच राहावेत की प्रत्यक्षात उतरावेत, हे मात्र विचारणाऱ्या ग्राहकांच्या संख्येवर ठरेल. मधला आकडा पाहून खिडकीशी गेलेला प्रत्येक ग्राहक जर शांतपणे, पण ठामपणे एवढेच विचारू लागला की मध्यदरापासून आपण किती अंतर ठेवले आहे आणि ते कशासाठी, तर उत्तर देण्याची तयारी पलीकडच्यांनाही करावीच लागेल.